नीरेकाठून हानगूच्या खिंडीकडे

फेब्रुवारी १६८९. तुम्ही अकलूजला नीरेच्या काठावर उभे आहात आणि समोर कापडाचं शहर पसरलं आहे. लाल कनाती, त्यांच्या आत उंच शामियाने, हत्तींच्या रांगा, उंट, बैलांचे तांडे, धान्याच्या गोण्या उतरवणारे वंजारी. नदीचं पाणी आटत आलंय आणि जे उरलंय ते हजारो जनावरांनी ढवळून काढलंय. काठावरचा शाळू घोड्यांच्या पोटात गेला. शेतात नुसते खुंट. मोगली दफ्तरात गावाचं नावही बदललंय. आता ते असदनगर.

तुम्ही कोणाला दिसत नाही. तुम्हाला पाहता येतं, ऐकता येतं, वास घेता येतो. कशालाही हात लावता येत नाही. या प्रवासाचा एवढाच नियम आहे.

छावणीत आज एकच धावपळ आहे. कोकणातून बातमी आली आहे की संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराज मोगल सरदार मुकर्रबखानाच्या हाती सापडले. नगारे वाजू लागतात. शामियान्यातला बादशाह औरंगजेब सत्तर वर्षांचा आहे. १६८६ मध्ये विजापूर पडलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा, आणि आता ही बातमी. एखाद्या थकलेल्या शिपायाच्या मनात येत असेल, की झालं, आता घरी. उत्तरेतून निघून सात-आठ वर्षं झाली आहेत.

पण बादशाह घरी जात नाही. छावणी बहादूरगडाकडे हलते. ११ मार्चला महाराजांची क्रूर हत्या होते. त्यानंतर आणखी अठरा वर्षं हा माणूस दख्खनमध्येच राहतो. राजाराम महाराज जिंजीला जातात, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव त्याच्या फौजांना पळवून पळवून दमवतात, पुढे ताराबाई राज्य हातात घेतात. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं त्याचा तळ इथून फार लांब नाही, भीमेकाठी ब्रह्मपुरीला, माचणूरजवळ पडतो. १६९५ मध्ये गलगल्याला त्याची छावणी पाहिलेल्या जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाने तिचा घेर तीस मैलांचा असल्याचं लिहिलं. ऐंशी वर्षांचा झाल्यावर तो स्वतः सह्याद्रीतले किल्ले घ्यायला निघतो. एक किल्ला घ्यावा, पुढच्याकडे वळावं, तोवर मागचा मराठ्यांनी परत घेतलेला. त्याच्याच चाकरीतल्या भीमसेन सक्सेनाच्या आठवणी वाचल्या की या न संपणाऱ्या मोहिमेचा शीण आजही अंगावर येतो. १७०७ मध्ये अहमदनगरला तो मरतो, तेव्हा खजिना बराच आटलेला असतो आणि मराठे नर्मदा ओलांडून गेलेले असतात.

औरंगजेबाला पुष्कळ काही येत होतं. हिशेब, शिस्त, चिकाटी, धर्मग्रंथ, तोफखाना. कुठे थांबायचं, हे कळत नव्हतं. अशाच सत्ताधाऱ्यांसाठी त्याच्या जवळपास दोन हजार वर्षं आधी चीनमध्ये ताओ विचाराचं एक छोटं पुस्तक लिहिलं गेलं. ताओ विचाराची ओळख करून घ्यायला अकलूजपासून निघावं असं मला वाटतं, ते यामुळेच. ज्याला तो विचार सर्वांत जास्त लागू पडला असता, त्याचा तळ इथे होता.

तोफखान्याच्या बाजूने वारा येतो. गंधक आणि सोरा यांचा वास. त्या वासाचा माग धरून मागे चला.

नववं शतक, चीनमध्ये तांग घराण्याचं राज्य. डोंगरातल्या एका खोपटात काही ताओपंथी किमयागार अमृत शोधत आहेत. भांड्यात गंधक, मनशीळ, सोरा आणि मध. आच वाढते आणि एकदम भडका उडतो. त्या काळच्या एका ताओ ग्रंथात इशाराच नोंदलेला आहे की हे मिश्रण तापवणाऱ्यांचे हात आणि चेहरे भाजले, राहतं घर जळालं. मरण टाळण्याच्या खटपटीतून तोफेची दारू निघाली. त्याच राजवटीतले काही सम्राट अमर होण्यासाठी पाऱ्याच्या गोळ्या घेऊन मेले. ताओच्या नावावर शतकानुशतकं असं बरंच साचत गेलं: मठ, देवदेवता, मंत्रतंत्र, श्वासाचे व्यायाम, औषधी विद्या, अमृताची हाव. हे सगळं खोटं म्हणून झटकता येणार नाही, पण झरा पाहायचा तर आणखी वर जायला हवं.

इ.स. ६४७, राजधानी चांगआन. एका ताओ मठात तीसएक माणसं बसली आहेत. मधोमध बसलेला बौद्ध भिक्षू तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे: ह्युएन त्संग. साधारण सहा वर्षांपूर्वी तो महाराष्ट्रात होता. इथली जमीन सुपीक आहे, माणसं उंच, साधी आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून घेतात, असं त्याने लिहून ठेवलं. सम्राट हर्षालाही न नमणारा पुलकेशी इथे राज्य करतो, हेही लिहिलं. आपल्या पूर्वजांना ज्याने डोळ्यांनी पाहिलं, तो माणूस आज ते छोटं पुस्तक, लाओ त्झूचं, संस्कृतात करायला बसला आहे.

कारण असं. कामरूपचा, म्हणजे आजच्या आसामचा राजा भास्करवर्मा याने चिनी दूताकडे हे पुस्तक संस्कृतात मागितलं. सम्राट ताइझोंगला ही मागणी आवडली, कारण त्याच्या घराण्याचं आडनाव ली आणि लाओ त्झूचंही ली. राजघराणं स्वतःला त्याचे वंशज म्हणवत असे. हुकूम सुटला. पण मठात बसलेल्यांचं जमेना. त्साय ह्वांग आणि छेंग श्वेनयिंग हे ताओ पंडित अर्थ समजावताना बौद्ध शास्त्रांतले विचार वापरू पाहतात. ह्युएन त्संग ठामपणे नाही म्हणतो. ही दोन दर्शनं वेगळी आहेत, एकाचा अंगरखा दुसऱ्याला घालू नका, असा त्याचा आग्रह. एका जुन्या भाष्याची प्रस्तावनाही तो घेत नाही, कारण तिच्यात दात वाजवणं आणि लाळ गिळणं असले दीर्घायुष्याचे प्रकार आहेत.

त्या संस्कृत पुस्तकाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ती असती तर भारतातल्या विचाराला कोणता फाटा फुटला असता, याचा विचार करताना मला खरंच हुरहुर लागते. पण त्या मठातला आग्रह लक्षात ठेवा, पुढे लागेल. ताओची नुसती ओळख झाली तरी आपण मराठी वाचक पटकन म्हणतो, हे तर आपल्या गीतेत आहे, ज्ञानेश्वरीत आहे. ह्युएन त्संगने ही घाई केली नाही.

आता एक उडी, हजारएक वर्षांची. पिवळ्या मातीच्या उंच कड्यांमधून जाणारी अरुंद वाट, वाटेवर नाका. ही हानगूची खिंड. चौ राजघराण्याची सत्ता ढासळत चालली आहे. राजाच्या ग्रंथालयाचा एक वृद्ध कारकून, लाओ त्झू, नोकरी सोडून पश्चिमेकडे निघाला आहे. नंतरच्या चित्रकारांनी त्याला रेड्यावर बसवलं. नाक्यावरचा अधिकारी यिन शी त्याला थांबवतो आणि जाण्याआधी काही लिहून देण्याची विनंती करतो. म्हातारा पाचएक हजार अक्षरं लिहून देतो आणि निघून जातो. पुढे त्याला कोणी पाहत नाही.

सुंदर गोष्ट आहे, पण इतिहास म्हणून तिच्यावर विसंबू नका. ही हकिगत सांगणारा इतिहासकार सीमा च्यान इ.स.पू. १०० च्या आसपासचा; लाओ त्झू म्हणजे नेमका कोण, यासाठी तो स्वतःच दोन-तीन वेगळी माणसं पुढे करतो. अधिक भक्कम पुरावा जमिनीखाली होता. १९९३ मध्ये हूबेइ प्रांतात ग्वोदियन इथल्या थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या. इ.स.पू. ३०० च्या सुमारास पुरलेल्या त्या पट्ट्यांवर या पुस्तकाचा साधारण दोन-पंचमांश भाग आहे, तोही वेगळ्या क्रमाने. त्याआधी १९७३ मध्ये मावांगद्वी इथे रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या होत्या. ते थडगं इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेलं. आज ८१ प्रकरणांत छापलं जाणारं पुस्तक एका बैठकीत लिहिलेलं नाही. अनेकांच्या तोंडून, अनेक हातांतून ते घडत गेलं. मला ही माहिती दंतकथेपेक्षा जास्त मोलाची वाटते, कारण एका माणसाचा साक्षात्कार म्हणून नव्हे, तर एका होरपळलेल्या काळाचं शहाणपण म्हणून मग ते वाचता येतं.

काळ खरोखर होरपळलेला होता. सात राज्यं एकमेकांना गिळायला टपलेली. प्रत्येक दरबारात सल्लागारांची रीघ: कर कसा वाढवावा, लोखंडी हत्यारं किती करावीत, शेतकऱ्याला शिपाई कसा बनवावा. कन्फ्यूशियसचे अनुयायी म्हणत, विधी पाळा, नाती सांभाळा, सद्गुण शिकवा. लाओ त्झूचं पुस्तक या सगळ्यांना विचारतं की तुम्ही इतकं करता, त्यातूनच तर हे बिघडत नाही ना?

ताओ म्हणजे ज्या रीतीने सृष्टी आपोआप चालते ती रीत. तिला नाव देता येत नाही, आणि ती हुकूम सोडत नाही. तिच्याशी जुळवून घेणाऱ्या वस्तूला किंवा माणसाला आतून येणारं बळ, त्याला ‘द’ म्हणतात. पुस्तकाचं लाडकं उदाहरण पाण्याचं. पाणी खालची जागा घेतं, भांडत नाही, आणि खडकही झिजवतं. दुसरी उदाहरणं पोकळीची आहेत: चाकाच्या तुंब्यातलं भोक, भांड्यातली रिकामी जागा, भिंतीतलं दार. जे नाही त्यामुळे जे आहे ते उपयोगी पडतं. आणि मग थेट राजकारण. लोक उपाशी आहेत कारण वरचे फार कर खातात. उत्तम राजा तो, ज्याचं अस्तित्व लोकांना जेमतेम जाणवतं. हत्यारं अशुभ आहेत, आणि लढाई जिंकलीच तर तो दिवस मयतासारखा पाळावा. अकलूजच्या छावणीतले नगारे आठवून हे शेवटचं पुन्हा एकदा वाचा.

इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस, सुंग राज्यातल्या मंग गावी चला. इथे च्वांग चौ नावाचा गरीब माणूस राहतो, लोक त्याला च्वांग त्झू म्हणतात. लाखेच्या झाडांच्या बागेवर कधीतरी छोटीशी नोकरी केलेला. तो आता फू नदीवर गळ टाकून बसला आहे. छू देशाच्या राजाचे दूत आले आहेत, राज्याचा कारभार सांभाळा म्हणून. तो मान वळवत नाही. छूच्या देवळात एक पवित्र कासव आहे, मरून तीन हजार वर्षं झालेलं, रेशमात गुंडाळून पेटीत ठेवलेलं. त्या कासवाला काय आवडलं असतं, असं तो विचारतो: असं पुजलं जाणं, की चिखलात शेपटी ओढत जिवंत राहणं? दूत म्हणतात, चिखलच. मग मलाही चिखलातच राहू द्या, एवढं सांगून तो गळाकडे पाहू लागतो.

तुम्हाला आता एका स्वयंपाकघरात न्यायचं आहे, कारण या सबंध विचाराची किल्ली तिथे आहे. ही च्वांग त्झूने सांगितलेली गोष्ट. आचारी तिंग राजासमोर मारलेल्या बैलाचं मांस सोडवतो आहे. सुरी फिरते, खांदा वळतो, पाय सरकतो, आणि सगळं तालात, जणू नाच चालला आहे. राजा थक्क होतो. तिंग सांगतो की सुरुवातीला त्याला अख्खा बैल दिसायचा. तीन वर्षांनी तसा दिसेनासा झाला. आता तो डोळ्यांनी पाहतही नाही. सांध्यांमध्ये जागा असते, सुरीच्या धारेला जाडी नसते, म्हणून धार मोकळी फिरते. साधा आचारी दर महिन्याला सुरी बदलतो कारण तो तोडतो. चांगला वर्षाला बदलतो कारण तो कापतो. तिंगची सुरी एकोणीस वर्षांची आहे आणि आजच सहाणेवरून उतरल्यासारखी आहे.

पण पुढचा भाग बहुतेक लोक गाळतात, आणि तोच महत्त्वाचा आहे. अवघड गुंता आला की तिंग सावध होतो, वेग कमी करतो, नजर स्थिर ठेवतो, सुरी अगदी हळू चालवतो. आणि मग मातीचं ढेकूळ पडावं तसं सगळं सुटून पडतं.

यालाच ताओ विचारात वू-वेइ म्हणतात. न करणं, असा त्याचा सरळ अर्थ दिसतो, आणि त्यामुळे सगळ्या जगात गैरसमज झाला की ताओवादी म्हणजे हातावर हात ठेवून बसणारे. अकलूजच्या शेतकऱ्याला हा गैरसमज होण्याचं कारण नाही. पहिला पाऊस पडला म्हणून तो दुसऱ्या दिवशी तिफण काढत नाही. तो वाफशाची वाट पाहतो. माती मुठीत घेऊन बघतो, चिकटते की सुटते. वाफसा नसताना पेरलं तर बियाणं कुजतं किंवा जमीन घट्ट होऊन बसते. वाफसा आला की तासभर थांबायची सोय नाही, घरातली सगळी माणसं रानात. वाट पाहणंही काम आहे आणि तुटून पडणंही काम आहे. कोणतं केव्हा, हे माती सांगते. वू-वेइ एवढंच आहे, आणि हे एवढंच फार अवघड आहे.

च्वांग त्झूच्या घरी थोडं थांबा. त्याची बायको वारली आहे. त्याचा मित्र ह्वी त्झू, जन्मभर त्याच्याशी वाद घालणारा तर्कपंडित, भेटायला येतो, तर हा जमिनीवर बसून भांड्यावर ताल धरून गातो आहे. ह्वी त्झू रागावतो: जिने तुझा संसार केला, मुलं वाढवली, तिच्यासाठी रडत नाहीस ते नाहीस, गातोस? च्वांग त्झू सांगतो की आधी तोही रडला. मग त्याच्या मनात आलं की ती जन्मायच्या आधी नव्हतीच. काहीतरी धूसर होतं, त्यातून श्वास आला, श्वासातून देह, देहातून जीव, आणि आता आणखी एक बदल, ऋतू फिरावेत तसा. विस्तीर्ण घरात ती निजली आहे आणि आपण बाहेर हंबरडा फोडत राहिलो तर काही समजलंच नाही असं होईल.

ही गोष्ट सोपी नाही, आणि ती सोपी करून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण ‘आधी तोही रडला’ हे त्यात आहे, म्हणून मला ती खरी वाटते.  च्वांग त्झूला ओळखायचं तर ही गोष्ट वाचावी.

आता पाण्याचा आवाज. इ.स.पू. २५६ च्या सुमारास, आजच्या सिचुआनमध्ये, मिन नदीवर. ली बिंग नावाचा छिन राज्याचा अधिकारी नदीच्या मधोमध एक लांबट बांध घालून घेतो आहे. माशाच्या तोंडासारखं त्याचं टोक, आणि तो रचलाय बांबूच्या लांब टोपल्यांत दगड भरून. नदी दोन भागांत वाटली जाते. आतला प्रवाह खोल, म्हणून नदीला पाणी कमी असताना त्यातला जास्त वाटा तिकडे वळतो. बाहेरचा रुंद, म्हणून पुराचा लोंढा तिकडे जातो. पुढे डोंगर फोडून एक तोंड केलं जातंय: खडक आगीने तापवायचा, वर पाणी ओतायचं, तडे गेले की खणायचं. या तोंडातून छंगदूच्या मैदानाला हवं तेवढंच पाणी जातं आणि जादा पाणी गाळासकट बाजूच्या सखल सांडव्यावरून परत नदीत पडतं. भिंत घालून नदी कुठेच अडवलेली नाही. गाळ दरवर्षी खोल उपसायचा आणि बांध उंच करायचा नाही, हा तिथला जुना दंडक.

ली बिंग ताओवादी होता असं म्हणायला आधार नाही. तो एका अत्यंत कडक, लष्करी राज्याचा नोकर होता. पण पुढे ताओपंथीयांनी त्याला आपलं देऊळ दिलं, आणि ते मला अगदी योग्य वाटतं. शेजारच्या छिंगछंग डोंगरावर ताओ मठ उभे राहिले. याच सिचुआनमध्ये इ.स. १४२ मध्ये चांग दाओलिंगने ताओचा पहिला संघटित धर्मपंथ सुरू केला, असं परंपरा मानते. डोंगर आणि बंधारा, दोन्ही २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत एकत्र नोंदले गेले. द्युज्यांगयेन हे त्या बंधाऱ्याचं आजचं नाव. तो आजही लाखो हेक्टर भिजवतो.

छिन राज्याने सगळा चीन जिंकला आणि पंधरा वर्षांत ते राज्य कोसळलं. इ.स.पू. १९३ मध्ये नव्या हान राज्याचा प्रधान झालेला त्साओ शेन काय करतो ते पाहून या. काहीच करत नाही. आधीच्या प्रधानाने घालून दिलेले नियम जसेच्या तसे. कोणी तक्रार किंवा नवी योजना घेऊन आला की त्याला दारू पाजतो, बोलायची वेळच येऊ देत नाही. तरुण सम्राट चिडतो. त्साओ शेन विचारतो, आपण मोठे की आपले वडील? वडील. मी थोर की माझ्या आधीचा प्रधान? तो. मग त्यांनी घालून दिलेली घडी विस्कटू नये. हा माणूस शूर सेनापती होता, अंगावर जखमांचे व्रण होते. एका वृद्ध ताओ आचार्याकडून तो हे शिकला होता. युद्धांनी पिळून निघालेल्या रयतेला नव्या योजनांपेक्षा उसंत हवी होती. पुढे वन नावाच्या सम्राटाने जमिनीवरचा सारा पिकाच्या तिसाव्या हिश्शावर आणला, अवयव तोडण्याच्या शिक्षा बंद केल्या. चीनच्या इतिहासात या चाळीस-पन्नास वर्षांचं नाव आजही आदराने घेतात.

पण एक गोष्ट टोचते. हान फेइ या कठोर दंडनीतीच्या पंडिताने लाओ त्झूवर भाष्य लिहिलं आणि त्यातून राजाला गूढ, अबोल, कोणालाही थांग न लागू देणारा हुकूमशहा बनवलं. लोकांची पोटं भरा आणि मनं रिकामी ठेवा, असंही हे पुस्तक एका ठिकाणी सुचवतं. यात धोका आहे, आणि भक्तिभावाने त्यावर पांघरूण घालू नये.

१२२२, हिंदुकुश. इकडे देवगिरीला सिंघण यादव राज्य करतो आहे. तिकडे एका तंबूत चंगेज खान बसला आहे. आदल्या वर्षीच तो सिंधूच्या काठापर्यंत येऊन गेला. त्याच्यासमोर सत्तरी ओलांडलेला ताओ साधू च्यू छूजी उभा आहे, हजारो कोसांचा प्रवास करून बोलावण्यावरून आलेला. खान विचारतो, अमर होण्याचं कोणतं औषध आणलंस? या तंबूत नको ते उत्तर देणाऱ्याचं काय होतं, हे सर्वांना ठाऊक आहे. साधू सांगतो की आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही. खान त्याच्या खरेपणावर खूश होतो. मग साधू त्याला हत्या कमी कर, वासना आवर, असं समजावतो. खानाच्या तलवारी त्यामुळे थांबल्या नाहीत. तरी साधूच्या पंथाला मिळालेल्या संरक्षणामुळे उत्तर चीनमध्ये पुष्कळांचे जीव वाचले, असं मानलं जातं.

पुढचा प्रवास वेगात करू. भारतातून गेलेलं ध्यान चीनमध्ये ताओच्या भाषेला भेटलं, त्यातून छान पंथ झाला आणि जपानमध्ये झेन. ह्युएन त्संगने एका खोलीत नाकारलेली सरमिसळ इतिहासाने सावकाश करून टाकली. चिनी निसर्गचित्रांत अर्धा कागद धुक्यासाठी कोरा राहतो, ते याच विचाराचं देणं. टॉलस्टॉयने म्हातारपणी लाओ त्झूच्या रशियन अनुवादासाठी कष्ट घेतले. नील्स बोरने १९४७ मध्ये आपल्या मानचिन्हावर यिन-यांगचं वर्तुळ घेतलं. आणि मुंबईत १९७१ पासून, नंतर पुण्यात, ओशोंनी लाओ त्झूवर शंभराहून अधिक हिंदी प्रवचनं दिली. ‘ताओ उपनिषद’ या नावाने ती छापली गेली आणि बऱ्याच मराठी घरांत ताओ हा शब्द पहिल्यांदा त्यातूनच शिरला. ती प्रवचनं रसाळ आहेत, पण त्या शीर्षकातच ह्युएन त्संगने टाळलेली घाई आहे.

आता तुम्ही आजच्या अकलूजमध्ये आहात. आषाढी वारीत तुकोबांची पालखी सराटीला नीरा ओलांडून इथे येते, रिंगण होतं. इतर दिवशी चारी दिशांना ऊस. या उसाला पाणी भाटघर धरणाचं आणि नीरेच्या कालव्यांचं. १८८५ मध्ये डावा कालवा सुरू झाला, तेव्हा तो दुष्काळाला उतारा होता, आणि त्याने खरोखर माणसं जगवली. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याच्या लाभक्षेत्रात पाणी मुरून जमिनी उपळू लागल्या, मीठ वर येऊ लागलं. १९२८ मध्ये इंग्लिस आणि गोखले या अभियंत्यांना दख्खनच्या कालव्यांखालच्या निचऱ्यावर सविस्तर अहवाल लिहावा लागला. उपाय जास्त पाण्याचा नव्हता. चर खणून पाणी बाहेर काढण्याचा होता. चोपण झालेल्या रानात आज उभं राहिलात तर द्युज्यांगयेनचा बुटका बांध नीट समजतो. पाणी आणणं आपण शिकलो. किती आणावं, हे ली बिंगने आधी ठरवलं होतं.

आता ह्युएन त्संगचा आग्रह आठवून गीतेशी तुलना करायची तर प्रामाणिकपणे करावी. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीता प्रवचनांत अकर्माची जी उकल केली, ती वू-वेइच्या फार जवळ जाते, आणि हे जवळपण आनंदाचं आहे. पण गीता युद्धभूमीवर उभ्या असलेल्या योद्ध्याला सांगते की फळाची आस सोडून तुझं काम कर. लाओ त्झू युद्ध सुरू होण्याच्या बराच आधी, राजवाड्याच्या दाराशी उभा राहून विचारतो की हे युद्ध, हा कर, हा बांध मुळात हवा होता का? दोन्ही प्रश्न माणसाला लागतात. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

लाओ त्झूचं पुस्तक एका दुपारी वाचून होतं. तरी सुरुवात च्वांग त्झूच्या पहिल्या सात प्रकरणांपासून करा. ती सर्वांत जुनी मानली जातात आणि त्यांत माणसं आहेत: आचारी, सुतार, लंगडे, कुबडे, वाद घालणारे मित्र. त्यांच्यासोबत काही दिवस काढले, की लाओ त्झूची आखूड वाक्यं कोडी वाटेनाशी होतात. आणि वाचताना ‘हे आपल्याकडे होतंच’ असं मनात आलं, तर पुस्तक मिटू नका, पुढचं पान वाचा.